नवरदेवाची होडी आणि तीन तासांची बॅटरी

भर खाडीत मोटरने आचका दिला आणि होडी थांबली. आत नवरदेव, निम्मं तोंडवली गाव आणि होडी विकणाऱ्या कंपनीचा साहेब. मुहूर्त वरच्या गावात खोळंबलेला.

होड्यांचं वायरिंग आणि बॅटऱ्या हा माझा धंदा. या किनाऱ्यावर माझा हात लागला नाही अशी होडी नाही. एकदा तर देवमासा फ्यूज बदलायला आला होता. म्हणून होडीचा मालक आणि नवरदेवाचा बाप बाबल लग्नाआधी माझ्याकडे आला.

"झिलाची वरात नव्या इलेक्ट्रिक होडयेतसून न्हेतंय. पोचतली मा रे?"

साहेब शेजारीच होता. "तीन तास बॅकअप. गॅरंटीड."

"टेस्ट कुठे केली?"

"शहरातल्या तलावात."

"माणसं किती होती?"

"मी होतो ना!"

"त्या तलावात ओहोटी कधी लागते, साहेब?"

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता," म्हणाला. टाय घालून खाडीवर आलेला माणूस, आणखी काय बोलणार!

बॅटरी म्हणजे पाण्याचं पिंप आणि मोटर म्हणजे त्याची तोटी. तोटी जेवढी सोडाल तेवढं पिंप लवकर रिकामं. भरतीबरोबर वर गेलात तर पाणीच होडी ढकलतं, तोटी करंगळीएवढी पुरते. ओहोटीला तोंड देऊन गेलात की मोटर दुपटीने ओढते, वर माणसांचं वजन. तेव्हा ते तीन तास साहेबांनी तलावातच बुडवावेत.

मी बाबलला बजावलं, "भरती आसा तवसर होडी सोड. मगे माझ्या नावान बोंब मारू नको."

लग्नाच्या सकाळी भरती होती. वऱ्हाड वेळेवर आलं, हाच चमत्कार. पण नवी होडी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशी सुटणार? बाबलचे काका, आबा, नारळ घेऊन उभे राहिले. माइक त्याच बॅटरीवर.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!"

ग्रामदेवता झाली, बारा वाड्यांचे राखणदार झाले, मुंबईत गेलेले भाऊबंद नावानिशी झाले. मी खुणावलं, "आबानू, आटपा. पाणी फिरता हा!"

आबांनी माइक तोंडाजवळ घेतला. "ही जी कोण बॅटरी आसा, तिचीय राखण कर रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज साहेबाचा.

होडी सुटली तेव्हा पाणी समुद्राकडे धावत होतं. पुढचं सांगितलंच. मोटर गप्प झाली आणि होडी उलट्या दिशेने तोंडवलीला निघाली. साहेब मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडून बसला. नवरदेव रडवेला. बाबल ओरडला, "साहेबानू, तुमचे तीन तास खंय गेले?"

तेवढ्यात मागून बांगडे भरलेली डिझेलची होडी आली. तिने दोर टाकला. नवरदेव बांगड्यांच्या वासात, डिझेलच्या धुरात, मुहूर्ताच्या तोंडावर बोहल्यावर चढला. मंगलाष्टकं चालू असताना मांजरं त्याच्या भोवती गोळा झाली होती.

जेवणाच्या पंगतीत आबा मिशीला पीळ देत म्हणाले, "बघलंस? गाऱ्हाणा पावला म्हणान ती होडी इली!"

साहेबाने मान डोलावली. आता तो होडी विकताना गाऱ्हाण्याचाही खर्च धरतो म्हणे. मी मात्र बॅटरीचा हिशोब करायला बसलो, की अँपिअर नंतर विचारतो. आधी विचारतो, "गाऱ्हाणा कोण घालतलो?" आबा असतील, तर सरळ डिझेल सांगतो.