धरलेला हात

दोन हजार चार साली आमची ही शेवटच्या दुखण्यात अमेरिकेत, मुलाच्या गावी ट्रॉयच्या हॉस्पिटलात होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा हात तिचा म्हातारा गोरा नवरा दिवसभर धरून बसायचा. मी चौथी शिकलेला, इंग्रजी येईना; मुलाला म्हणालो, "चारचौघांत शोभतं का हे? विचार त्याला."

मुलानं भीत भीत विचारलं. म्हातारा हसला. "जुन्या इंग्रजीत लग्न ठरण्याला हँडफास्ट म्हणत. हात घट्ट धरला की वचन झालं. मी अजून सोडलेला नाही."

दुसऱ्या सकाळी ती खाट रिकामी होती. तो खुर्चीत आपलाच हात धरून बसला होता.

मी हिचा हात धरला, मांडवानंतर पहिल्यांदाच.

"अहो, सोडा. मुलगा बघतोय."

मी सोडला. जन्मात तेवढं एकदाच तिचं ऐकलं.