मेलवाले हेरवाडकर

विद्यापीठात गुरुप्रसाद हेरवाडकरला हुद्द्यानं कुणी ओळखत नव्हतं. शिपायापासून कुलगुरूंच्या पीएपर्यंत सगळे त्याला ‘मेलवाले हेरवाडकर’ म्हणत. विद्यापीठाच्या नावाचा ई-मेल पत्ता असणं ही जेव्हा अपूर्वाई होती त्या काळात, नोकरीला नुकत्याच लागलेल्या गुरुप्रसादनं कुणी टाकून दिलेल्या मशीनवर पहिला मेल सर्व्हर उभा केला होता. पुढं मशीनं बदलली, पत्ते वाढले, प्राध्यापक निवृत्त होऊन नवे आले, पण सर्व्हर त्याचाच राहिला. स्वतःच्या लग्नाच्या मांडवात त्याला परीक्षा विभागाचा फोन आला होता, आणि मुंडावळ्या कानामागं सारून त्यानं कुणाला तरी कुठली कळ दाबायची ते सांगितलं होतं. बायको, ऋता, हा किस्सा अजून सांगते. सांगताना ती हसते, पण पुरतं हसत नाही.

अलीकडं मात्र सर्व्हर थकला होता. लोकांच्या मेलपेट्या भरायच्या, बाहेरच्या संस्था विद्यापीठाचे मेल कचऱ्यात टाकायच्या, पावसाळ्यात लाईट गेली की सगळंच बंद. शेवटी ठरलं, मेलचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. गुरुप्रसादनं बैठकीत पुष्कळ विरोध केला. आपली माहिती दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवायची, म्हणाला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, “हेरवाडकर, माणसाला रिटायरमेंट असते, तशी मशीनलाही असू द्या की.” सगळे हसले. गुरुप्रसादही हसला.

कंपनीनं काम बघायला मनाली कुरणेला पाठवलं. शाहूवाडीतल्या मलकापूरची मुलगी, पुण्यात नोकरीला, पंचविशी नुकतीच ओलांडलेली. ती कमी बोलायची आणि विचारायचं ते नेमकं विचारायची. सगळ्यांचे जुने मेल कंपनीच्या सर्व्हरवर हलवायचं काम तिनं इतकं निगुतीनं केलं की गुरुप्रसादला नाव ठेवायला जागा सापडेना. तिची चूक सापडती तर त्याला ती कदाचित आवडलीही असती. कँटीनमध्ये ती दिसली की तो चहा घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचा.

आता, पत्ता बदलला तरी जगभरातल्या सगळ्या मशीनना ते एकदम कळत नाही. काही दिवस थोडे मेल जुन्याच जागी येत राहतात. म्हणून मनालीनं सांगून ठेवलं होतं, जुना सर्व्हर इतक्यात बंद करू नका, आणि बंद कराल त्याआधी त्यावर साठलेलं शेवटचं एकदा नव्या जागी हलवून घ्या. हे काम गुरुप्रसादचं होतं. ते जुनं मशीन त्याच्याखेरीज कुणी उघडूच शकत नव्हतं.

त्या दिवशी स्टोअरची माणसं मशीन न्यायला आली होती. गुरुप्रसाद त्यांच्याशी बोलत उभा असताना मनाली दारात आली.

“सर, मागं राहिलेले मेल तेवढे घेतलेत का?”

“घेतलेत,” तो म्हणाला.

घेतले नव्हते. विसरला होता असंही नाही. पण स्टोअरच्या माणसांसमोर, जन्मभर हेच काम केलेल्या माणसाला कालची पोरगी विचारत होती, जणू भाजीत मीठ घातलंस का. नाही म्हणायला त्याची जीभ वळली नाही. असून असून काय असणार, चार जाहिराती असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नियमाप्रमाणं डिस्क पुसूनच मशीन द्यायचं असतं. त्यानं दुपारी स्वतःच्या हातानं सगळं पुसलं. मशीन गेलं आणि टेबलाखालची फरशी मोकळी दिसली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. बाकी कशाचा विचार त्याच्या मनात आला नाही.

पुढं दोनेक आठवड्यांनी वनस्पतिशास्त्राच्या डॉ. नंदिनी इंगवले कुलसचिवांच्या दारात उभ्या राहिल्या. राधानगरीच्या जंगलातल्या झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडचा अभ्यास करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. परदेशातल्या एका मोठ्या वनस्पती उद्यानानं त्यांना वर्षभरासाठी बोलावलं होतं, आणि त्या बोलावण्याला ठरल्या मुदतीत होकार द्यायचा होता. तो मेल त्यांना मिळालाच नाही. वाट बघून त्यांनी फोन केला तेव्हा समोरून उत्तर आलं, आम्ही कधीच कळवलंय, तुमचंच उत्तर नाही, आता मुदत संपली.

कुलसचिवांनी बैठक बोलावली. इंगवले मॅडमनी मेल कुठल्या तारखेला निघाला ते सांगितलं, आणि ती तारीख गुरुप्रसादनं लगेच ओळखली. सर्व्हर पुसण्याच्या आदल्या दिवसाची तारीख. मेल कुठं उतरला असणार आणि कुणी पुसला असणार, हे त्या खोलीत फक्त त्याला कळलं होतं. कदाचित अजून एकीला.

कुलसचिवांनी मनालीला विचारलं. ती म्हणाली, जुन्या सर्व्हरवरचं राहिलेलं सरांनी घेतलं होतं, असं त्यांनी मला सांगितलं. मग तिनं गुरुप्रसादकडं बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. खरं काय ते तुम्हीच सांगा, एवढंच होतं.

“मी दिलं होतं सगळं,” गुरुप्रसाद म्हणाला. “पुढं कंपनीकडं काय झालं, ते मला कसं सांगता येईल?”

आवाज शांत निघाला. इतका शांत की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. बैठकीतल्या लोकांना तेवढं पुरलं. बाहेरची कंपनी, नवी मुलगी, आणि इकडं मेलवाले हेरवाडकर. कुणाचं खरं धरायचं याचा विचार करायची कुणाला गरजच पडली नाही. कंपनीनं लेखी माफी मागितली आणि मनालीला कामावरून काढून टाकलं. जाताना तिनं संगणक केंद्रातल्या सगळ्यांचा निरोप घेतला. गुरुप्रसाद तेवढा वेळ स्वच्छतागृहात जाऊन थांबला होता.

आणि मग सुरू झालं ते कौतुक. भेटेल तो प्राध्यापक म्हणायला लागला, हेरवाडकर, तुमचंच खरं होतं, तुमचा सर्व्हर होता तेव्हा असं कधी झालं नाही. घरी तर विचारूच नका. गुरुप्रसादचे वडील, अप्पा, बावड्याच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आवाज अजून मिलच्या भोंग्यासारखा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमच्या गुरूनं आधीच सांगितलंवतं, बाहेरच्यास्नी देऊ नगासा. ऐकलं न्हाय. घालवला का न्हाय पोरीनं त्या बाईंचा मेल?” गुरुप्रसाद गाडी लांबूनच वळवून मागच्या बोळातून घरी यायला लागला. जेवण उतरेना. ऋतानं विचारलं तर पित्त झालंय म्हणाला.

शेवटी एक दिवस सहन होईना, तेव्हा तो कुलसचिवांकडं गेला आणि दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, विषय मिटलाय. कंपनीनं चूक मान्य केलीय. आता तुम्ही हे उकरून काढलंत तर नाचक्की विद्यापीठाची होईल. चहा घ्या. आणि गुरुप्रसादनं खरंच चहा घेतला. बाहेर आल्यावर त्याला सगळ्यात जास्त लाज त्या चहाची वाटली.

रविवारी तो एसटीनं मलकापूरला गेला. मनाली पुण्याहून घरी आली आहे, एवढं त्यानं कंपनीत फोन करून काढलं होतं. घर सापडायला वेळ लागला नाही. तिचे वडील शाळामास्तर होते, आता निवृत्त. विद्यापीठातले साहेब आलेत म्हटल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. “या पावणं, बसा,” म्हणत आईनं पाणी आणलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या शेजारी मनालीचा पदवीदानाचा. त्याच विद्यापीठातला.

“कोल्हापुरातलं काम संपलं म्हणून सुट्टी काढून आलीया,” वडील म्हणाले. “तुम्ही इतक्या लांब आलासा म्हंजे काम पसंत पडलेलं दिसतंय आमच्या मनूचं.”

म्हणजे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. गुरुप्रसादनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. तो “हो, फार चांगलं काम केलं त्यांनी” असं काहीतरी पुटपुटला. मनाली दारात उभी राहून ऐकत होती. सरांना स्टँडपर्यंत सोडून येते, म्हणाली, आणि चपला घातल्या.

रस्त्यावर आल्यावर गुरुप्रसादनं माफी मागितली. मेल त्यानंच घालवला होता, खोटं तोच बोलला होता, हेही सांगितलं. ती चालतच राहिली.

“मला बैठकीतच माहीत होतं,” ती म्हणाली. “आमच्याकडं त्या दिवसांतलं काहीच आलेलं नव्हतं. पण मी ते तिथं म्हटलं असतं, तर कुणी ऐकलं असतं?”

ती रस्त्यातच थांबली.

“सर, खोटं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आणि माफी मागायला असं गुपचूप मलकापूरला आलात. ही माफी मी कुठं ठेवू?”

ती एवढंच बोलली. स्टँडवर गाडी लागलीच होती. तिनं हात केला नाही, पण गाडी हलेपर्यंत ती थांबली होती.

सोमवारी कचेरीत गेल्यावर गुरुप्रसादनं मेल लिहायला घेतला. नव्या कंपनीच्याच सर्व्हरवरून. त्यानं त्यात कारणं लिहिली, मग खोडली. आपल्या इतक्या वर्षांच्या सेवेचा उल्लेख केला, तोही खोडला. उरलं ते थोडकंच. डॉ. इंगवले यांचा मेल जुन्या सर्व्हरवर आला होता. तो मी हलवला नाही आणि पुसून टाकला. हलवला असं मी श्रीमती कुरणे यांना खोटं सांगितलं, बैठकीतही खोटं सांगितलं. त्यांची काहीही चूक नाही. बैठकीला जे जे होते त्या सगळ्यांची नावं त्यानं वर घातली, कंपनीच्या प्रमुखांचं घातलं, मनालीचं घातलं. आणि पाठवला.

घरी आल्यावर त्यानं अप्पांना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, हेच भीती वाटण्यासारखं होतं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “तिच्या बाऽच्या घरात पानी प्यालास, आन् त्येला खरं न सांगता उठलास तू?”

“हो, अप्पा.”

अप्पा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र नेहमीच्या वेळेला बाकावर जाऊन बसले. शेजारच्या हंबीररावांनी नंतर गुरुप्रसादला सांगितलं, म्हाताऱ्यानं त्याच खड्या आवाजात, जाणाऱ्याला थांबवून थांबवून सांगितलं, “मी म्हणलो ते चुकीचं हुतं. पोरीचं न्हवतं, आमच्याच पोराचं चुकलं.” खिडकीत उभ्या ऋतानंही ते ऐकलं होतं. गुरुप्रसाद त्या वेळी घरी नव्हता, हे बरं झालं की वाईट, ते त्याला ठरवता आलं नाही.

चौकशी झाली. कुलसचिव त्याच्याशी एकही शब्द बोलले नाहीत. त्याची बदली उत्तरपत्रिकांच्या गोदामावर झाली. कंपनीनं मनालीला परत बोलावलं, पण ती गेली नाही, दुसरीकडं कुठंतरी लागली असं कानावर आलं. गुरुप्रसादच्या मेलला तिचं उत्तर कधीच आलं नाही.

इंगवले मॅडम मात्र एकदा गोदामापर्यंत चालत आल्या. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, “हेरवाडकर, बैठक झाली त्या दिवशी ती जागा अजून भरली नव्हती. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत, तर चूक आमची आहे म्हणून विद्यापीठानं त्यांना कळवलं असतं. त्यांनी थांबवलंही असतं कदाचित.” गुरुप्रसादनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. हे त्याला ठाऊक नव्हतं. मेल पुसला ती चूक होती, असं तो इतके दिवस धरून चालला होता. मॅडमचं वर्ष बुडालं होतं ते त्याच्या त्या शांत आवाजातल्या एका वाक्यानं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याचा स्वतःच्याच मेलचा पासवर्ड अडकला. गोदामात विचारायला कुणी नव्हतं. त्यानं कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडच्या तरुणानं नाव विचारलं. गुरुप्रसाद जरा थांबला, मग म्हणाला, “हेरवाडकर. गुरुप्रसाद हेरवाडकर.”

“स्पेलिंग सांगता का, सर?”

त्या पोराला हे नाव ठाऊकच नव्हतं. गुरुप्रसादला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. त्यानं एकेक अक्षर सावकाश सांगितलं.