फाशावरची सिरीज

गुलमंडीत मिक्सर दुरुस्त करणारा तो माणूस दुपारी दुकानात एकटाच फासा टाकत बसला होता. प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहायचा. मी मिक्सर द्यायला गेले होते; न राहवून विचारलं.

"दोन जुने जगज्जेते संघ," तो म्हणाला. "एकमेकांशी कधी खेळलेच नाय. म्हणून फाशावर क्रिकेटची सात मॅचची सिरीज लावली. तीन-तीन बरोबरी झालीय, ही शेवटची."

पुढच्याच फाशाला एक फलंदाज शून्यावर बाद झाला.

"गेला! याच्यासाठी लहानपणी रेडिओला कान लावून बसायचो, ताई." त्याचा चेहरा पार उतरला.

"परत टाका की. कोण बघतंय इथं?"

"अन् ज्यानं विकेट काढली, त्याला काय सांगू?"

त्यानं शून्य लिहिलं. फलंदाजाला मैदानाबाहेर चालत जायला लागेल तेवढा वेळ तो थांबला, आणि मगच त्यानं फासा उचलला.