पुढे चाल

वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर 'पुढे चाल' असा एक शब्दप्रयोग असतो. समोरचा खेळाडू आला नाही, आजारी पडला, कोर्टवर उतरू शकला नाही, की तुम्हाला पुढे चाल मिळते. न खेळता तुम्ही पुढच्या फेरीत जाता. बॅडमिंटनच्या एकेरीत मी तीनदा परदेशी जाऊन आले आणि माझ्या नावावर जो एकमेव विजय लागला, तो हा असा. तोही स्पेनच्या एका मुलीचा गुडघा गेला म्हणून.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आम्ही ओझरला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या विमानाच्या कारखान्यात टर्नर होते. मूळचे निफाडकडचे, शिक्षण बेताचं, पण कॉलनीच्या हॉलमध्ये खेळ बघता बघता त्यांनी नियमांचं पुस्तक असं पाठ केलं, की जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून त्यांनाच बोलावणं यायचं. रॅकेट माझ्या हातात दिली तीही त्यांनीच. माझ्या सामन्याला मात्र ते सहसा पंच म्हणून बसत नसत. एकदाच बसले, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, आणि माझं फूल रेषेवर पडलं असं सगळा हॉल सांगत असताना त्यांनी 'बाहेर' दिलं. शटलला आम्ही फूलच म्हणायचो. त्या दिवशी मी जेवले नाही. अण्णांनी दोनदा विचारलं आणि मग स्वतःचं ताट वाढून घेतलं.

पहिल्या दोन्ही दौऱ्यांत मी पहिल्याच फेरीत हरले. हरून नाशकात परत आलं, की भेटेल तो "अनुभव मिळाला" असं म्हणायचा. हा शब्द मला अजून सहन होत नाही. तिसऱ्या वेळी युरोपातल्या एका गारठलेल्या शहरात ड्रॉ लागला आणि माझ्या नावासमोर स्पेन निघालं. स्पेनमध्ये बॅडमिंटन खेळतात हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. आमचे व्यवस्थापक म्हणाले, "या खेपेला तुला चान्स आहे." परदेशात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतःच मला शोधत आली. माझ्याच वयाची, केस कानापर्यंत कापलेले, हातात ड्रॉचा कागद. कागदावर तिनं आधी माझ्या नावावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या, आणि हसली. मला स्पॅनिश येत नव्हतं आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. माझं इंग्रजीही काही सांगण्यासारखं नव्हतं. रिकामं कोर्ट मिळालं तसं आम्ही सरावाला उतरलो. तासभर खेळलो असू. गुण मोजले नाहीत, पण खेळणाऱ्याला ते न मोजताही कळतं. तिचं फूल जाळीला घासून खाली पडायचं आणि मी एक पाऊल उशिरा पोहोचायचे. प्रत्येक वेळी एकच पाऊल. जाताना आम्ही एकमेकींना पत्ते लिहून दिले. खोलीवर आले तेव्हा व्यवस्थापकांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे." उद्या मी हरणार आहे, हे मला कळून चुकलं होतं.

सकाळी मी हॉलमध्ये शिरले तेव्हा ती बाजूच्या कोर्टवर वॉर्म-अप करत होती. मला बघून तिनं हात वर केला. पुढच्याच फुलाला ती मागे धावली, वळली, आणि खाली बसली. मला वाटलं घसरली. मग तिचा आवाज ऐकू आला. लोक धावले, बर्फ आणला, तिच्या गुडघ्याला पट्टी बांधली. मी जाळीजवळ रॅकेट धरून उभी होते. पंचांनी घड्याळ बघितलं, तिच्या संघाच्या माणसाशी दोन शब्द बोलले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला हात मिळवायला बोलावलं. मी हात मिळवला. त्या क्षणी मला आनंद झाला, हे लपवून काय उपयोग. नुसती सुटका वाटली असती तर एक वेळ चाललं असतं, पण मला आनंद झाला होता. नंतर मी तिच्याजवळ गेले, तर तिनं रडत रडतच माझं मनगट धरलं आणि मला कोर्टच्या दिशेनं ढकललं, जा म्हणून.

पुढच्या फेरीत मी दोन गेममध्ये मिळून तीन गुण केले. पाव तासात सामना आटोपला. ते कुठे छापून आलं नाही. छापून आलं ते एवढंच, की नाशिकच्या खेळाडूला स्पेनविरुद्ध पुढे चाल. आता क्रीडा पान रोज वाचणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो, पण आमच्याकडे ते पान वाचणारे किती? 'पुढे चाल' म्हणजे स्पेनला मागे टाकून पोरीनं आगेकूच केली, असाच अर्थ लोकांनी घेतला आणि मी परतायच्या आत कॉलनीत माझ्या सत्काराची तयारी झाली.

अण्णा मला स्टँडवर घ्यायला आले होते. वाटेतच मी त्यांना त्या तीन गुणांचं सांगितलं आणि म्हटलं, "अण्णा, त्यांना सांगा ना. तुम्हाला तर माहितीये पुढे चाल म्हणजे काय ते."

"हार आणलेत त्यांनी," अण्णा म्हणाले. "आता काय सांगायचं?"

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. शाल, नारळ, सगळं झालं. एका साहेबांनी भाषणात आमच्या कन्येनं स्पेनला पाणी पाजलं असं सांगितलं आणि टाळ्या वाजल्या. अण्णांनीही वाजवल्या. जो माणूस भर हॉलशी भांडून लेकीचं फूल बाहेर देतो, तो टाळ्या वाजवत होता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि स्वतःची लाज वाटत होती ती त्या रागाखाली दडपून टाकणं सोपं गेलं. त्यानंतर बरेच दिवस आम्ही खेळाबद्दल बोललो नाही.

सात-आठ महिन्यांनी तिचं पत्र आलं. चार पानं, सगळं स्पॅनिशमध्ये. मी ते पेटीत ठेवून दिलं असतं, पण अण्णा म्हणाले, नाशकात एक म्हातारे फादर आहेत, ते तिकडचेच, वाचून देतील. रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. फादरांची पंचवीसेक वर्षं आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली होती, त्यामुळे त्यांचं मराठी अण्णांच्या बोलण्यापेक्षाही गावरान होतं. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान मनात वाचलं आणि म्हणाले, "पोरगी लय चांगली हाय. पन पत्र काय आनंदाचं नाय."

मग ते एकेक वाक्य सांगत गेले. ती मामाच्या बेकरीत पहाटेपासून काम करायची. गावात बॅडमिंटनचा हॉल नव्हता. शाळेतल्या बास्केटबॉलच्या जागेवर चिकटपट्टीनं रेषा आखून ती आणि तिचा भाऊ खेळायचे. "ती म्हनते, मी पाच देशांत खेळाया गेले, अन् पाचही ठिकानी पयल्याच फेरीत हरले. घरचे आता इचारत बी नाय." फादर थांबले आणि त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "पुढं लिहिलंय, त्या दिशी संध्याकाळी तुझ्यासंगं खेळले, अन् आईला फोन केला. म्हनलं, उद्या मी जिंकनार. तुला वाईट वाटू नये, पन मी तसं म्हनले."

डॉक्टरांनी तिला पुन्हा कोर्टवर उतरायचं नाही असं सांगितलं होतं. तिची सगळी कारकीर्द त्या चार पानांत आली होती. शेवटी तिनं विचारलं होतं, की तू पुढे कशी खेळलीस? माझ्यानंतर तू खूप पुढे गेलीस, असं मी इथं सगळ्यांना सांगते.

मी पंख्याकडे बघत होते. अण्णा मांडीवर हात ठेवून बसले होते, पंच बसतात तसे ताठ. ते म्हणाले, "फादर, उत्तर लिहून द्याल का?"

"सांगा."

"लिवा, की हिला पुढच्या फेरीत तीन पॉइंट भेटले. दोन गेम मिळून तीन." अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "अन् लिवा, की तुमची मॅच झाली असती तर तू जिंकली असती. मी हिचा बाप हाय, अन् मी पंच हाय."

फादरांनी पेन उचललं नाही. त्यांनी मला विचारलं, "लिहू का, पोरी?"

मी मान डोलावली. पाच मिनिटांत पत्र झालं आणि खाली मी सही केली. माझं अक्षर इतकं वाईट आलं, की फादर म्हणाले, नाव पुन्हा एकदा नीट लिही. मी पुन्हा लिहिलं.

ओझरच्या बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. नाशिक मागे पडलं. मग मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही तिला कधी बघितलंसुद्धा नाही. ती जिंकली असती हे कशावरून?"

"तिला नाय बघितलं," अण्णा म्हणाले. "तुला बघितलंय ना."

ते रागावून बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. बोलून झाल्यावरही ते माझ्याकडे बघत होते. मी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. हो अण्णा, मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, आणि ती पडली तेव्हा मला आनंद झाला होता, एवढंच म्हणायचं होतं. सत्कारात टाळ्या वाजवल्याचं त्यांनी त्या दिवशी पत्रातून फेडून टाकलं होतं आणि खरं बोलायला माझ्यासाठी शेजारी जागा ठेवली होती. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली आणि तेही समोर बघू लागले. अण्णा गेले तोवर मी ते त्यांना सांगितलं नाही.