काकूंचं नाक

माझ्या सर्दीपायी एका बाईंचा स्वतःवरचा विश्वास गेला, हे आधीच कबूल करतो. त्या म्हणजे साकेत नगरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू. त्यांच्याइतकं तयार नाक अख्ख्या भोपाळमध्ये दुसरं नसेल. तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे कांदा नासला, की त्या खालून ओरडायच्या, "अरे, टोपली बघ जरा!"

पण त्यांचा खरा जीव गॅसच्या शेगडीत. रोज सकाळी आधी शेगडी हुंगायची, मग देवापुढे उदबत्ती. उदबत्तीच्या घमघमाटात गॅसचा वास कळत नाही म्हणून. तोवर देव ताटकळत. खिडक्या सताड उघड्या, विजेच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, बोलायचंसुद्धा नाही. शंका आलीच, तर कैलासवासी काकांच्या दाढीच्या ब्रशने रबरी नळीला साबणाचा फेस फासायचा आणि बुडबुडा फुगतो का ते बघायचं. "जन्मभर यांच्याच गालावरून फिरला," त्या म्हणत, "आता जरा घराच्या उपयोगी पडू दे." आमच्या शहरात गॅस म्हटलं की जुन्या माणसांचा श्वास अजूनही क्षणभर अडकतो. त्यामुळे काकूंना हसायचं झालं, तरी आम्ही तोंड फिरवून हसत असू.

मोतीबिंदूमुळे बुडबुडे दिसेनात, तेव्हापासून साक्षीला मी. "अरे, नाक घेऊन खाली ये!" ही हाक नेमकी माझ्या ऑफिसच्या वेळेला.

त्या दिवशी मला सडकून सर्दी. काकू म्हणाल्या, "आज नक्की येतोय बघ." माझ्या चोंदलेल्या नाकाला कापूरही कळला नसता. तरी वाकून हुंगल्याचं सोंग केलं, ब्रश भिजवायचाही कंटाळा केला आणि म्हणालो, "काही नाही हो. काकू, आता नाकाचंही वय झालं."

दुसऱ्या दिवशी उदबत्ती लवकर लागली.

चार दिवसांनी काकू डोळे दाखवायला गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडे. सिलिंडरवाला वाकला आणि नळीवरची चीर दाखवत म्हणाला, "भाईसाहब, पाइप तो चटकी पड़ी है. माताजी को बास नहीं आई?" वापर झाला की रेग्युलेटर बंद करायची काकूंची सवय, म्हणून घर वाचलं. मी नवी नळी बसवून घेतली, जुनी माझ्या घरी माळ्यावर लपवली आणि गप्प राहिलो. लाज वाटली, दुसरं काय?

पुढच्या आठवड्यात काकूंच्या दारात बांधलेली खोकी दिसली. "इंदूरला लेकीकडे जाते," त्या म्हणाल्या. "डोळे गेले तर चालतं रे. नाकच फसवायला लागलं, तर एकटीने चूल कुणाच्या भरवशावर पेटवायची?" ब्रश त्यांनी मला देऊ केला. आठवण म्हणून.

मी धावत वर गेलो, नळी आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांची बोटं चिरेवर थांबली. मग सवयीने त्यांनी ती नाकाशी नेली.

"येतोय," त्या हळूच म्हणाल्या.

"तेव्हाही येत होता, काकू. सर्दी मला होती. तुमचं नाक बरोबर होतं आणि मी खोटं बोललो. मला माफ करा."