मापावरचा चमचा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हिशोब तोंडी करतो, आणि त्यात कुणी चूक काढलेली मला खपत नाही. भोपाळच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर मी बरखेड्याच्या हाटात जवसाची चटणी विकायला बसलो. आमच्या नागपूरकडची. माप झालं की वर एक चमचा जास्त टाकायचा, ही माझी रीत.

सुनेनं तीच चटणी मोबाईलवरून, एका ऑनलाइन विक्री कंपनीमार्फत विकायला घेतली. पुण्याला, नागपूरला, म्हणजे दुसऱ्या राज्यात पाठवायची म्हणून जीएसटीचा नंबर काढला. एम. पी. नगरातल्या एका कर सल्लागारानं दर महिन्याचं रिटर्न भरायची फी सांगितली, तर ही म्हणाली, "मीच भरीन." आणि शिकली. महिन्यात एक डबा विकला नाही तरी रिटर्न भरावंच लागतं, हे मला तिच्याकडून कळलं.

मी चिडवायचो. "हाटात बसायच्या जागेची पावती फाडली की मी मोकळा. तुझ्याकडे कंपनीचं कमिशन, कमिशनवर कर, पार्सलचं भाडं, त्यावरही कर. चटणी खातं कोण, गिऱ्हाईक की कंपनी?"

"बाबा, तुमच्या ऑटोचं भाडं कोण धरतं? आणि पावसानं हाट भरला नाही, त्या रविवारी काय विकलंत?"

मग मी चहा मागायचो.

तीन महिने झाले, तिच्या हाती काही उरेना. "या महिन्यात नाही जमलं तर नंबर रद्द करते," एवढंच म्हणाली. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

कंपनी पार्सल आपल्या काट्यावर मोजते. अर्ध्या किलोच्या वर गेलं की भाडं पुढच्या टप्प्याचं. सुनेनं डबा, खोका, चिकटपट्टी सगळं धरून वजन आत बसवलं होतं, तरी दर पार्सलमागे वजनातला फरक म्हणून पैसे कापले जात होते. मी म्हटलं, त्यांचा काटाच खोटा, लिही तक्रार. तिनं लिहिण्याआधी एक बंद पार्सल घरच्या काट्यावर ठेवलं, तर तेही अर्ध्या किलोच्या वर भरलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, मी झाकण लावायच्या आधी तुम्ही काय करता?"

"वरचा चमचा टाकतो. कमी मापाचं नाव नको घराला."

दुसरी असती तर डबा आदळला असता. हिनं पार्सल काट्यावरून उतरवलं. "चमचा राहू द्या," म्हणाली, "लेबल बदलते." चारशे ग्रॅमच्या जागी साडेतीनशे केले, दर तेवढा उतरवला, म्हणजे चमच्यासकट पार्सल अर्ध्या किलोच्या आत. "पण एकच चमचा. तोही माझ्यासमोर."

कारखान्यात सुपरवायझरचं जे ऐकलं नाही ते हिचं ऐकलं. पुढच्या महिन्यात कापाकापी थांबली. नंबर तसाच आहे.

माझी चूक झाली असं मी तिला म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण हाटात कुणी मोबाईलवरच्या विक्रीला नावं ठेवली, तर त्याला शेजारी बसवून कमिशन, वजन आणि रिटर्न समजावतो. वर सांगतो, माझी सून करते हे सगळं, तुला झेपायचं नाही.