डावीकडे पळणारं मांजर

"हिला मांजर दिसलंच नाही वाटतं."

वाक्य माझ्या पाठीमागून आलं, मराठीत, आणि ते माझ्याबद्दल होतं. न्यू जर्सीतल्या युनिव्हर्सिटीच्या तळघरात, मी जिथे शिकत होते त्या कलेतिहास विभागाच्या स्लाइड-रूममध्ये माझा कामाचा पहिला दिवस होता. खालून उजेड येणाऱ्या टेबलावर एका डच स्वयंपाकघराच्या चित्राची स्लाइड ठेवून मी कार्डावर लिहीत होते: बाई, तांब्याचं भांडं, मासे, खिडकी. मागे टाइपरायटरवर बसलेल्या बाई स्वतःशीच पुटपुटल्या होत्या. माझं आडनाव कुठल्याही प्रांतात खपून जाणारं, आणि सकाळपासून मी तीनच शब्द बोलले होते, तेही इंग्रजीत. मी पुन्हा भिंग लावलं. टेबलाखालच्या अंधारातून एक पंजा माशाच्या शेपटीकडे निघाला होता.

"दिसलं," मी मराठीत म्हणाले.

टाइपरायटर थांबला. "अगं बाई! मग सकाळपासून मुकी का बसून राहिलीस?"

त्यांना मी काकू म्हणायचे. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण तशी अट आहे. आता त्या व्हर्जिनियात हर्नडनला असतात, आणि मी हे लिहितेय असं फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मराठी मंडळाच्या अंकात माझं नाव छापलंस तर याद राख. हळदीकुंकवाला बायका मला मांजरवाली म्हणतील."

काकू नागपूरच्या. इतिहासात एम.ए. झालेल्या, लग्न करून इकडे आलेल्या. काका रोज ट्रेननं न्यूयॉर्कला जात. काकू तेव्हा आठ वर्षांपासून स्लाइड-रूममध्ये टायपिस्ट होत्या. प्रोफेसरांना वर्गात दाखवायला लागणाऱ्या हजारो चित्रांच्या स्लाइड तिथल्या कपाटांत होत्या. प्रत्येक स्लाइडचं कार्ड आणि चिठ्ठी टाइप करायची, स्लाइडची फिल्म दोन काचांमध्ये बसवायची, आणि स्लाइड सुलटी कशी धरायची हे कळावं म्हणून खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका लावायचा. चिठ्ठ्या काकूंच्या, ठिपके माझे.

पण काकूंचं खरं काम खालच्या ड्रॉवरमध्ये होतं. चुकीची टाइप झालेली कार्डं त्या फेकत नसत. त्यांच्या कोऱ्या बाजूला, डब्यातलं जेवण उरकल्यावर, बारीक देवनागरीत त्या मांजरांची नोंद करत. ज्या ज्या चित्रात मांजर, त्याचं एक कार्ड. येशूच्या शेवटच्या जेवणात टेबलाखाली बसलेलं मांजर. पिंजऱ्यातल्या पाखरांकडे टक लावून बघणारी, श्रीमंत मुलाच्या पायाशी बसलेली मांजरं. कालीघाटच्या चित्रातलं, कपाळावर गंध लावून तोंडात कोळंबी धरलेलं. त्यावर काकूंचा शेरा होता: 'आमच्या एका चुलत सासऱ्यांसारखं.'

तुम्ही कधी म्युझियममध्ये माणसं चित्र कशी बघतात ते बघितलंय? आधी पाटी वाचतात, मग चित्राकडे एक नजर टाकून पुढे सरकतात. काकूंचं उलटं. "आधी मांजर कुठंय ते बघ. मग बाकीचं."

"का?"

"देवदूत कुणी पाहिलाय? चित्रकाराला ऑर्डर आली, त्यानं पंख काढले. मांजर मात्र त्यानं घरात पाहिलेलं असतं. चित्रात तेवढंच एक खरं."

स्वतः त्यांनी मांजर कधी पाळलं नाही. मांजर शेजारच्या यार्डात आलं तरी त्यांना शिंका सुरू होत. रविवारी मला त्या घरी जेवायला नेत, आणि जेवण झालं की कॅलेंडर नाहीतर एखादा कॅटलॉग समोर ठेवून त्यातलं मांजर मला शोधायला लावत. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा कंटाळून म्हणे, "आई, इट्स जस्ट अ कॅट!"

"जस्ट?" काकू म्हणत. "तू जस्ट भांडी पूस."

माझं सगळं शिक्षण मुंबईत, कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलता यायचं, पण लिहिताना हात अडखळायचा. काकूंनी मला त्या कार्डांच्या नकला करायला बसवलं. "दोन प्रती असल्या तर बऱ्या," एवढंच कारण सांगितलं. शंभरेक मांजरं उतरवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आता न अडखळता लिहिते. दुसऱ्या प्रतीची त्यांना कधीच गरज नव्हती. आज हे पानभर मराठी लिहू शकतेय, ते त्या मांजरांच्या जोरावर.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येते.

सेमिनारसाठी मी एक इटालियन चित्र निवडलं होतं. मरियमला येशूच्या जन्माची बातमी सांगायला देवदूत येतो, हा प्रसंग. मरियम आपल्याकडे तोंड करून गुडघ्यावर बसलेली, देवदूत तिच्या पाठीमागे, आणि मध्ये एक मांजर पाठ वाकवून पळत सुटलेलं. या चित्राची नवी फिल्म आली होती, ती काचेत मीच बसवली. असल्या चित्रांत देवदूत डावीकडून येतो हे मी पहिल्याच सेमिस्टरला शिकले होते. तो डावीकडे दिसेल अशी फिल्म मी फिरवली, ठिपका लावला आणि त्यावर सहा पानं लिहिली.

सेमिनारच्या आदल्या दिवशी काकूंनी स्लाइड उजेडाला धरली. "हे मांजर चुकीच्या बाजूला पळून राहिलंय."

त्यांनी ड्रॉवर उघडून आठ वर्षांपूर्वीचं कार्ड काढलं. 'राखाडी. पाठीची कमान. डावीकडे पळतंय. दूध उतू गेल्यावर होतो तसा चेहरा.' माझ्या स्लाइडमध्ये ते उजवीकडे पळत होतं. आम्ही वर लायब्ररीत जाऊन जाडं पुस्तक काढलं. कार्ड बरोबर होतं. चित्रकारानं देवदूत उजवीकडूनच आणला होता, आणि मी त्याची दुरुस्ती केली होती.

माझ्या सहा पानांतलं काय वाचवता येईल ते मी मनात जुळवायला लागले. काकू मात्र चित्राकडे बघत होत्या. "आपण डावीकडून वाचतो नं? म्हणून डावीकडून येणारा पाहुणा कसा, कळवून आल्यासारखा वाटतो. हा उलट्या बाजूनं आला. मरियमची पाठ त्याच्याकडे, तिला अजून दिसलाच नाही. पहिल्यांदा पाहिलं ते मांजरानं."

रात्री मी सहा पानं फाडली आणि काकू बोलल्या तेवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये मी ते वाचून दाखवलं, माझं म्हणून. आमच्या प्रोफेसर म्हणजे पांढऱ्या केसांच्या, क्वचित खूश होणाऱ्या बाई. त्या पुढे सरकून बसल्या. "हे तुला कसं सुचलं?"

मी खाली बघितलं. त्यांना तो विनय वाटला. मला ओळखणाऱ्या सगळ्यांनाच माझा गप्पपणा विनय वाटतो. खोलीच्या मागे, अंधारात, प्रोजेक्टरजवळ काकू बसल्या होत्या. स्लाइड बदलायचं काम त्यांचंच असायचं. त्यांनी पुढची स्लाइड लावली.

घरी सोडताना गाडीत म्हणाल्या, "छान झालं हो. जरा मोठ्यानं बोलत जा." बस्. मी दार लावून घेतलं आणि जिन्यातच बसून राहिले.

वसंतात स्लाइड-रूममध्ये कॅटलॉगरची जागा निघाली. चित्र पाहून त्याची नोंद ठरवणाऱ्या माणसाची. काकूंनी अर्ज केला, मला न सांगता. तो मी प्रोफेसरांच्या टेबलावर पाहिला. त्या दुसऱ्या एका प्रोफेसरांशी बोलत होत्या. "फार व्यवस्थित बाई आहे. पण आपल्याला चित्र बघणारं माणूस हवंय, टाइप करणारं नाही." मग माझ्याकडे वळून हसल्या. गुरुवारी तेच भाषण मला पूर्ण विभागासमोर करायचं होतं, आणि पीएच.डी.साठी त्या जे शिफारसपत्र देणार होत्या ते त्या भाषणावरच. जागेचा निर्णय शुक्रवारी होता.

काकू तेव्हा नागपूरला होत्या. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या असत्या तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. कदाचित त्यांनी पुन्हा पुढची स्लाइड लावली असती, आणि मी पुन्हा ती लावू दिली असती.

गुरुवारी दिवे मालवले. प्रोजेक्टरजवळच्या खुर्चीत दुसरीच एक विद्यार्थिनी होती. तिनं विचारलं, "पहिली स्लाइड?" पडद्यावर मरियम, देवदूत आणि ते राखाडी मांजर आलं. हातातले कागद मी स्टँडवर पालथे ठेवले. समोर चाळीस माणसं होती. प्रोफेसर पहिल्या रांगेत होत्या, पेनचं टोपण काढून.

आधी मी काकूंचं पूर्ण नाव घेतलं आणि त्याचं स्पेलिंग सांगितलं. मग, माझ्या इंग्रजीत, पण याच अर्थाचं, म्हणाले:

"खाली स्लाइड-रूममध्ये ज्या टाइप करतात, त्या. ही स्लाइड मी उलटी बसवली होती आणि ते त्यांना मांजरावरून कळलं. मागच्या वेळी मी इथं जे वाचलं ते त्यांनी पाहिलेलं होतं. हे तुला कसं सुचलं, असं तुम्ही मला विचारलंत, तेव्हा त्या याच खोलीत बसल्या होत्या, आणि मी गप्प राहिले."